पाणीरेषेच्या खाली सगळं चितारलेलं : एका शॉर्टफिल्मची सव्वादोन वर्षं

बरेच दिवस लिहायचं म्हणत होते. ॲनिमेशन आणि खरं शूटिंग एकत्र करून काहीतरी करायचंय पण सुरुवात कुठून करू, असं विचारणारे मेसेज मला अधूनमधून येतात, आणि प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच क्रमानं लिहून ठेवलेलं बरं. मी सिनेमा शिकलेली नाही, शाळेत चित्रकला शिकवते. फिल्म ७ मिनिटं ४० सेकंदांची आहे. सुरुवात नोव्हेंबर २०२२ ला झाली, आणि शेवटची फाईल गेली जानेवारी २०२५ ला.

आमचं घर सांगलीत गावभागात होतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ आहे, म्हणजे बघा. आम्ही दोन दिवस माडीवर होतो आणि मग बोटीतनं बाहेर पडलो. पाणी ओसरल्यावर परत आलो तेव्हा माजघरात भिंतीवर पाच फूट दोन इंचावर रेषा होती, एकदम सरळ, पट्टीनं मारल्यासारखी. रेषेच्या वर देवांचे फोटो, घड्याळ, कॅलेंडर, सगळं जसंच्या तसं. खाली काहीच ओळखू येत नव्हतं. नंतर रंग दिला, पण माजघरातली एक भिंत आईनं रंगवू दिली नाही. जुलै २०२१ ला परत पाणी आलं, ते २०१९ पेक्षा कमी होतं, त्याची दुसरी रेषा खाली उमटली.

२०२२ च्या दिवाळीत दादानं सांगितलं की घर आता पाडायचं, मे महिन्यात काम सुरू होईल. त्याचं चूक नव्हतंच, दर पावसाळ्यात सामान वर चढवून आई थकलेली. पण त्या रात्री मी माजघरात बसले होते आणि भिंतीकडं बघताना डोक्यात आलं, की रेषेच्या वर जे आहे ते कॅमेऱ्यानं टिपायचं, आणि रेषेच्या खाली जे होतं ते तर गेलं, त्याचा फोटो काढताच येणार नाही, ते फक्त चितारता येईल. एकाच फ्रेममध्ये वर खरं घर आणि खाली चितारलेलं घर. फिल्मचा सगळा नियम एवढाच. आवाज आईचा, ती पंचनाम्याच्या वेळी तलाठ्याला सांगितलेली यादी वाचते. त्या यादीचा कागद तिनं जपून ठेवला होता. मिक्सर, गाद्या दोन, शिलाई मशीन, गव्हाचं पिंप, असं.

डिसेंबरमध्ये स्टोरीबोर्ड काढला आणि त्याची चित्रं नुसती एकामागोमाग लावून, मोबाईलवर आईचा आवाज टाकून एक कच्चा व्हिडीओ केला, ह्याला ॲनिमॅटिक म्हणतात. कृपा करून ही पायरी टाळू नका. मला ११ मिनिटांची फिल्म करायची होती, ॲनिमॅटिक बघितल्यावर कळलं की चौथ्या मिनिटापासून तेच तेच होतंय, मग ती साडेसातवर आली. हे कागदावर कापलं म्हणून काही वाटलं नाही, चितारल्यावर कापावं लागलं असतं तर तीन-चार महिन्यांचं काम गेलं असतं.

हिशोबही तेव्हाच करा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, ॲनिमेशनमध्ये साधारण एक चित्र दोन फ्रेमला धरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. ४६० सेकंदांची साडेपाच हजार चित्रं झाली. तो आकडा बघून मी दोन दिवस वहीच उघडली नाही. मग एकेक शॉट घेऊन बसले, की ह्यात हलतंय काय? मिक्सर हलत नाही. गादी हलत नाही, फक्त तिच्यावरचं पाणी हलतं. पाण्यासाठी १६ चित्रांची एक साखळी केली आणि ती फिरवली. असं करत करत शेवटी १,७४३ चित्रांवर आलं.

जानेवारी २०२३ ला कॉपीराइटचा अर्ज केला. ह्याबद्दल बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहिते. नोंदणी सक्तीची नाही, तुम्ही लिहिलं की हक्क तुमचाच असतो, नोंदणीनं फक्त पुरावा भक्कम होतो. संहिता साहित्यकृती म्हणून नोंदवली तर फी ५०० रुपये, तयार फिल्म चित्रपट म्हणून नोंदवायची तर ५,०००. मी फक्त संहिता नोंदवली. ऑनलाइन फॉर्म भरला की डायरी नंबर मिळतो, त्यानंतर कुणाचा आक्षेप येतोय का ह्यासाठी ३० दिवस थांबावं लागतं. माझ्या अर्जात त्रुटी निघाली, कारण यादी आईची म्हणून मी लेखक आईला दाखवलं होतं आणि अर्जदार मी, तर लेखकाचं ना-हरकत पत्र लागतं. ते आधीच जोडलं असतं तर वेळ वाचला असता. प्रमाणपत्र ऑगस्टमध्ये आलं. आईनं ते पत्र सही करण्याआधी पूर्ण वाचलं, चष्मा लावून, आणि म्हणाली "लेखक म्हणून माझं नाव?" मग काही न बोलता सही केली.

शूटिंग फेब्रुवारीत, चार दिवस. कॅमेरा, एक २४ एमएमची लेन्स आणि ट्रायपॉड कोल्हापुरातून भाड्यानं आणलं, दिवसाला २,२०० रुपये. स्वतःच्या घरात शूट करायला परवानगी लागत नाही, पण मला घाटावरून नदीचा एक शॉट हवा होता. त्यासाठी अर्ज, ओळखपत्राची झेरॉक्स, फिल्मचा सारांश, किती माणसं, किती तास, हे सगळं दिलं आणि चार खेपा झाल्या. पहिल्या दोन खेपांना साहेब नव्हते, तिसऱ्यांदा सांगितलं पोलीस स्टेशनचं पत्र आधी आणा. पोलीस स्टेशनमध्ये अर्ध्या तासात काम झालं. तर आधी तिथं जा, त्या पत्राच्या तीन झेरॉक्स जवळ ठेवा आणि अर्जाच्या प्रत्येक प्रतीवर पोचशिक्का घ्या. तो शॉट फिल्ममध्ये नऊ सेकंद आहे.

आता शूटिंगमधली जी एक गोष्ट मला कुणी आधी सांगायला हवी होती ती सांगते. कॅमेरा जर बरोबर पाणीरेषेच्या उंचीवर ठेवला, म्हणजे लेन्सचा मध्य जमिनीपासून पाच फूट दोन इंचावर, आणि कॅमेरा अजिबात वर-खाली कलता नसेल, तर ती रेषा सगळ्या भिंतींवर, जवळच्या लांबच्या सगळ्या वस्तूंवर, फ्रेममध्ये एकच आडवी सरळ रेषा होते. समुद्राकाठी क्षितिज आपल्या डोळ्याच्या उंचीवर दिसतं तसंच. कॅमेरा जरा वर घेतला की डावी भिंत तिरकी, उजवी तिरकी, मधल्या खांबावर रेषा वेगळीकडं, आणि प्रत्येकाचा कट वेगळा करत बसावं लागतं. हे मला पहिल्या दिवशी दुपारी कळलं, सकाळचे सहा शॉट परत घेतले. गवंडीकाकांकडून पाणसळ मागून आणली आणि प्रत्येक शॉटला ट्रायपॉडच्या डोक्यावर ठेवून बुडबुडा मध्ये आला की मगच रेकॉर्ड.

बाकीचं पटापट सांगते. एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस, सगळं मॅन्युअल, ऑटोवर काही ठेवायचं नाही, कारण ऑटोनं वरची अर्धी फ्रेम हळूच उजळ केली तर खालचं चितारलेलं एकदम सुटं दिसतं. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर (एकेक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते) सेकंदाच्या १/५० वर ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट लुकलुकते. आणि एक वही करा, प्रत्येक शॉटला लेन्स, वस्तूचं अंतर, लेन्सची उंची, वेळ, उजेड कुठून येतोय हे लिहा. दादाची मुलगी हे काम करत होती, सहावीत होती तेव्हा, आणि तिनं इतकं नीट लिहिलं की ती वही पुढं दोन वर्षांनी उपयोगी पडली, ते शेवटी सांगते.

मांजराचंही सांगायला हवं. पुरात आमची मनी माळ्यावर होती, म्हणजे रेषेच्या वर, म्हणजे माझ्या नियमानं ती कॅमेऱ्यानंच टिपायला हवी. पण सिनेमात प्राणी दाखवायचा तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची आधी परवानगी घ्यावी लागते आणि तेवढा वेळ माझ्याकडं नव्हता, घर मेमध्ये जाणार होतं. तिला चितारलं असतं तर नियम मोडला असता. मग माळ्यावर तिची दुधाची वाटी तेवढी ठेवली.

चौथ्या दिवशी कॅमेरा परत गेला आणि संध्याकाळी आई जिन्यावर बसून यादी चाळत होती, माडीच्या जिन्यावर, खिडकीतनं उजेड, आणि ती सावकाश खाली यायला लागली. मला दिसलं की तिचे पाय रेषेच्या खाली येतायत. म्हणजे आई वर खरी आणि पाय चितारलेले. मी मोबाईलवरच शूट केलं, ११ सेकंद. फिल्ममधला मला सगळ्यात जवळचा शॉट हा आहे आणि सगळ्यात जास्त त्रासही ह्यानंच दिला.

मेमध्ये घर पाडलं. त्या दिवशी मी शाळेत होते, मुद्दाम. माजघराच्या भिंतीचा रेषेसकट एक हातभर तुकडा दादानं काढून ठेवला होता, तो अजून त्याच्या गाडीच्या डिकीत आहे.

जून २०२३ पासून चित्रं. पद्धत अशी, की शॉटच्या फ्रेम सेकंदाला १२ ह्या हिशोबानं फोटो म्हणून बाहेर काढायच्या, फिक्या निळ्या रंगात कागदावर छापायच्या, त्यावर दुसरा कागद ठेवून लाइट बॉक्सवर चितारायचं. लाइट बॉक्स मी एलईडी पॅनल आणि वर दुधी ॲक्रिलिकची शीट असा घरीच केला, १,३५० रुपये. सगळे कागद एकाच जागी बसावेत म्हणून ऑफिसातलं दोन भोकांचं पंचिंग मशीन घेतलं आणि पट्टीवर दोन खुंट्या चिकटवल्या. शिवाय चारही कोपऱ्यात बारीक फुल्या छापल्या, त्या कॉम्प्युटरवर जुळवायला लागतात, कारण भोकं वापरून वापरून सैल होतातच.

रंग म्हणून काय वापरायचं ह्यावर मी महिनाभर अडले. वॉटरकलर, चारकोल, काळी शाई, सगळं करून बघितलं, सगळं छान दिसायचं आणि सगळं परकं वाटायचं. मग आठवलं, घर पाडायच्या आधी माजघरातल्या कोनाड्यातनं पुराचा वाळलेला गाळ मी डालड्याच्या जुन्या डब्यात भरून ठेवला होता, का ठेवला होता तेही तेव्हा माहीत नव्हतं. तो कुटला, मलमलच्या फडक्यातनं दोनदा चाळला, बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून त्यात कालवला. कागदावर लावला तर सुंदर करडा तपकिरी रंग आला आणि सकाळी बघते तर भेगा, पापुद्रे निघून टेबलावर पडलेले. आपली काळी माती, ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, ती कागदावर तरी वेगळं काय करणार. डिंक वाढवला तर चकाकायला लागलं, कमी केला तर भुकटी हाताला. तीन चमचे गाळाला एक चमचा भिजवलेला डिंक आणि पातळ दोन हात, हे प्रमाण सापडायला १९ दिवस लागले. बुरशी येऊ नये म्हणून लवंगेच्या तेलाचे दोन थेंब.

साधा झेरॉक्सचा कागद ओला झाला की लाटा धरतो आणि जाड ड्रॉइंग पेपरमधनं खालचा उजेड येत नाही, १३० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या जाडी-वजनाचं माप) कागद मला जमला. डबा पहिल्यांदा भिजवला त्या संध्याकाळी खोलीत तोच वास आला, पाणी ओसरल्यावर घरात होता तो. आई दारात आली, उभी राहिली, आणि आत गेली. त्यानंतर मी रंग कालवायचं काम गच्चीवर केलं, आणि फिल्म पूर्ण होईपर्यंत मला दाखवू नकोस असं तिनं सांगितलं.

रोज शाळा, घरचं उरकून रात्री साडेनऊ ते साडेबारा. अकरा चित्रं झाली की चांगला दिवस. ह्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं काही नाही आणि तोच सगळ्यात मोठा काळ आहे, दहा महिने. हात दुखतो, मनगटाखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा. आठवड्यातनं एक रात्र पूर्ण सुट्टी घ्या. आणि प्रत्येक शॉट पूर्ण झाला की लगेच चालवून बघा, कारण ती १२ चित्रं एका सेकंदात हलताना दिसली की पुढच्या आठवड्याचं बळ येतं. वर्गात मुलांना मी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगते, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून रोज एक फ्रेम असं महिनाभर चित्रण केलं आणि रोप उगवताना पडद्यावर दाखवून भांडवल उभं केलं. त्या दिवसांत मला त्या गोष्टीतलं रोप आठवायचं नाही, रोज सकाळी उठून एकच फ्रेम घेऊन परत जाणारा माणूस आठवायचा.

सगळ्यात अवघड होतं आठवणं. शिलाई मशीन खिडकीच्या डाव्या अंगाला होतं का उजव्या? पिंपाचं झाकण पितळी होतं का ॲल्युमिनियमचं? दादा एक सांगायचा, वहिनी दुसरं, शेजारच्या काकू तिसरंच. लग्नाच्या अल्बममध्ये मागं काही दिसतंय का बघितलं असतं, पण अल्बम रेषेच्या खालीच होते. शेवटी जिथं दोघांचं जुळलं ते चितारलं आणि जिथं जुळलं नाही तिथं वस्तूची कड अर्धवट सोडली. ते आता फिल्ममध्ये मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

दोन अपघात झाले तेही सांगते. पहिला स्कॅनरचा. जुना स्कॅनर ४,५०० ला घेतला होता, वाळलेल्या गाळाचे कण काचेवर पडून पडून ओरखडा उठला आणि तीनशेएक चित्रांवर एक उभी पांढरी रेघ आली. मला ती तीनशे होईपर्यंत दिसलीच नाही, कारण मी एकेक चित्र बघत होते, चालवून बघितल्यावर दिसली. नंतर स्कॅनर सोडला, वरून कॅमेरा लावून दोन बाजूंनी ४५ अंशांवर दोन दिवे ठेवून फोटो काढले, आणि आधीचे तीनशेही परत काढले. माध्यम कोरडं भुरभुरतं असेल तर पहिल्यापासून असंच करा.

दुसरा अपघात आईच्या पायांच्या शॉटचा. ११ सेकंद म्हणजे १३२ चित्रं, सहा आठवडे लागले. मार्च २०२४ मध्ये जोडून बघितलं तर चौथ्या सेकंदापासून पाय मागं पडायला लागले, वर आई एक पायरी उतरलेली आणि पाय अजून वरच्याच पायरीवर. मला वाटलं माझंच मोजताना चुकलं. दोन रात्री मोजत बसले. कारण असं निघालं की मोबाईल व्हिडीओ घेताना फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाही, उजेड कमी-जास्त झाला की कमी-जास्त करतो, आणि एका सॉफ्टवेअरनं फ्रेम काढताना तो एका प्रकारे वाचला, दुसऱ्यानं जोडताना दुसऱ्या प्रकारे. मोबाईलवरचं काहीही असलं तरी आधी हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून २४ वर आणा, मगच प्रिंट काढा. मला ९० चित्रं परत काढावी लागली. खरं सांगते, त्या आठवड्यात मी सोडून देणार होते. वहिनीनं विचारलं "किती राहिली?" मी म्हणलं नव्वद. ती म्हणाली "कागद मी कापून पंच करून ठेवते, तू नुसतं चितार." रोज संध्याकाळी दहा कागद टेबलावर तयार असायचे.

एप्रिल ते जुलै जोडकाम, मध्ये मेमध्ये निवडणुकीची ड्युटी लागली त्यात दहा-बारा दिवस गेले. दाविंची रिझॉल्व्ह ह्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या फुकट व्हर्जनमध्ये सगळं झालं. वरचं खरं आणि खालचं चितारलेलं ह्यांच्या मध्ये सरळ कट दिला तर स्टिकर चिकटवल्यासारखं दिसत होतं, धूसर केला तर धुकं. शेवटी भिंतीवरच्या खऱ्या रेषेचे जवळून काढलेले फोटो होते, त्यात गाळाचा बारीक करवतीसारखा काठ होता, तोच काठ मास्क म्हणून, म्हणजे कुठला भाग दिसेल आणि कुठला झाकला जाईल हे ठरवणारा आकार म्हणून वापरला आणि एकदम बसलं. तुमच्या फिल्ममध्येही दोन जगं जिथं भेटतात तिथला काठ शक्यतो खऱ्या कशातून तरी घ्या, सॉफ्टवेअरमधल्या तयार ब्रशनं ते होत नाही.

आवाज ऑगस्टमध्ये. आईचं वाचन मी शूटिंगच्या वेळीच माडीवर पहाटे चारला रेकॉर्ड केलं होतं, चारी बाजूंनी गोधड्या टांगून. पाण्याचा आवाज नदीचा नाही, न्हाणीतलं घंगाळ अर्धं भरून त्यात हात हलवून केलेला आहे, नदीवर माइक धरला की नुसती सू येते. मिक्सिंग कोल्हापूरच्या एका मित्रानं १२,००० मध्ये केलं, त्याचा खरा दर ह्याच्या दुप्पट आहे. संगीत नाही. इंग्रजी सबटायटल मीच केले, "पिंप" ला तीन दिवस शब्द सापडत नव्हता.

सप्टेंबरपासून फेस्टिव्हलना पाठवायला लागले. हार्ड डिस्क दोन घ्या आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा, पूर बघितलेल्या माणसाचा सल्ला आहे. प्रवेश फीमध्ये १३,४०० गेले, नऊ ठिकाणी. सगळीकडं लवकरची मुदत असते तेव्हा फी कमी असते, मी तीन ठिकाणी शेवटच्या आठवड्यात पाठवली आणि जवळपास दुप्पट पैसे गेले. सेन्सॉर सर्टिफिकेटबद्दल, थिएटरमध्ये जाहीर प्रदर्शन करायचं तर ते लागतं, फेस्टिव्हलसाठी आयोजक केंद्राकडून सूट घेतात, तेव्हा नुसतं फेस्टिव्हलला पाठवताय तर त्यामागं लागू नका, पण आयोजकांना लेखी विचारून घ्या. नकार पाच आले, सगळे दोन ओळींचे. दोघांचं उत्तर अजून नाही. एकानं फाईल उघडत नाही म्हणून परत मागवली आणि मग नकार दिला. डिसेंबरच्या शेवटी एका छोट्या महोत्सवाचा होकार आला. मेल मी स्टाफरूममध्ये वाचला आणि सातवीच्या तासाला गेले.

एकूण खर्च मांडला तर, कॅमेरा ८,८००, प्रिंट ५,२००, कागद ६,३००, स्कॅनर ४,५००, लाइट बॉक्स १,३५०, मिक्सिंग १२,०००, हार्ड डिस्क ११,०००, कॉपीराइट ५००, फेस्टिव्हल फी १३,४००, प्रवास आणि खाणं ३,६००. सगळे मिळून ६६,६५० रुपये. माझा आणि घरच्यांचा वेळ ह्यात धरलेला नाही.

थिएटरच्या प्रोजेक्टरसाठी डीसीपी नावाची फाईल लागते, बाहेर बरेच पैसे सांगतात पण डीसीपी-ओ-मॅटिक हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चांगलं आहे. २४ फ्रेम, १९९८ बाय १०८०, माझ्या लॅपटॉपला रात्रभर लागलं, साडेआठ जीबी झाली. पाठवायची मुदत जानेवारीच्या २० तारखेची होती. अकरा तारखेला शनिवारी आईला म्हणलं, आता पूर्ण झाली, बघतेस?

तिनं टीव्हीवर बघितली. मी तिच्याकडं बघत होते, फिल्मकडं नाही. मिक्सर आला, गाद्या आल्या, मशीन आलं, ती मान हलवत होती. संपल्यावर थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "पाटा का चितारलास?"

मी सांगितलं, रेषेच्या खाली जे होतं ते सगळं चितारलेलं आहे, कारण ते गेलं.

"पाटा कुठं गेला? पाटा आहे की."

खरंच होता. दगडच तो, आठवडाभर पाण्यात बसून राहिला, यादीतही तो नव्हता. मी माजघर चितारताना बाकीच्या सामानाबरोबर तोही कोपऱ्यात काढला होता, तीन शॉटमध्ये. आता नवीन फ्लॅटच्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली होता आणि मी रोज त्या तुळशीला पाणी घालत होते.

रविवारी सकाळी कुंडी उचलली, पाटा काथ्यानं घासून धुतला. पुतणीची वही काढली. शॉट १४, लेन्स २४, अंतर नऊ फूट, उंची पाच फूट दोन इंच, उजेड डावीकडून, सकाळी दहा. गॅलरीत नऊ फूट मागं जायला जागा नव्हती, म्हणून दादानं आणि मी तो पोत्यावर ठेवून तीन मजले गच्चीवर चढवला. पुतणी आता आठवीत, तिनं टेप धरली आणि पाणसळ ठेवून बुडबुडा बघितला. दहाला दहा मिनिटं असताना ढग आला, सव्वादहाला गेला. तीनही शॉटमधला चितारलेला पाटा पुसून त्या जागी हा बसवायला सहा रात्री लागल्या, सावली तेवढी गाळानं चितारलेलीच ठेवली. १९ तारखेला रात्री डीसीपी परत लावली आणि सकाळी फाईल गेली.

पाटा दादानं परत खाली आणून ठेवला, स्वयंपाकघराच्या दाराशी. आईनं तुळशीला प्लॅस्टिकचं स्टूल दिलंय.